चाफा, संपिगे आणि उरलेली शेवंती: एका चिंतन दिनाचं प्रकरण

हे प्रकरण एका पटांगणाचं आहे. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पूर्वेकडं मराठी आणि कन्नड घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या अशी बरीच गावं आहेत, त्यातलंच हे एक. पटांगणाच्या एका अंगाला सरकारी मराठी शाळा, दुसऱ्या अंगाला सरकारी कन्नड शाळा. मुख्याध्यापक दोन, एसडीएमसी म्हणजे शाळा समित्या दोन, हजेरीपट दोन. ध्वजस्तंभ एक, नळ एक आणि अक्षर दासोहचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं, स्वयंपाकघरही एकच. पोरं दुपारी एकाच पातेल्यातलं जेवतात, सकाळची प्रार्थना मात्र आपापल्या दारात म्हणतात. मी मराठी बाजूची शिक्षिका आणि गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या स्काऊट-गाईड पथकाची प्रमुख. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते नळावरून ओळखतील.

दोन्ही शाळांत गाईड पथकं आहेत. आमच्या 24 मुली, तीन संघ: चाफा, मोगरा, शेवंती. त्यांच्या 16 मुली, दोन संघ: संपिगे आणि मल्लिगे. गाईडच्या संघांना फुलांची नावं असतात. हे पुढं कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

22 फेब्रुवारी हा जगभरच्या गर्ल गाईड आणि गर्ल स्काऊट मुलींचा दिवस. या चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल 1857 साली आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह 1889 साली याच तारखेला जन्मल्या. हे सांगितलं की मुली आधी वजाबाकी करतात, बत्तीस वर्षांचं अंतर काढतात आणि तोंडावर हात धरून हसतात. हसू द्यावं. 1926 मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प एडिथ मेसी इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं की वर्षातला एक दिवस मुलींनी एकमेकींची आठवण काढायची, आणि दोघांच्या वाढदिवसाची ही तारीख निवडली गेली. 1999 साली डब्लिनच्या परिषदेत त्याच्या नावाआधी 'जागतिक' लागलं. आम्ही त्याला चिंतन दिन म्हणतो. कन्नड शाळेच्या गाईड कॅप्टन, ज्यांना त्यांच्या मुली 'अक्कोर' अशी हाक मारतात आणि आता मीही मारते, त्याला 'चिंतना दिन' म्हणतात. फरक एका काण्याचा. 2024 साली आमचं भांडण झालं ते या काण्यावरूनच म्हणा.

चूक माझी होती. खानापुरात जाऊन मी सहा बाय तीनचा फ्लेक्स करून आणला. वर मोठ्या अक्षरांत मराठी, खाली बारीक इंग्रजी. कन्नड नाही. "लक्षातच आलं नाही" असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं तर लक्षात आलं होतं. कन्नड मजकूर कुणाकडून तरी लिहून घ्या, तपासून घ्या, परत दुकानात जा, या फेऱ्या मला नको होत्या. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याच दोन मुलांनी तो ध्वजस्तंभामागच्या भिंतीवर बांधला आणि दिवेलागणीच्या आत त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. कर्नाटकच्या सरकारी शाळेत कन्नड नाही? मराठी शाळेच्या कार्यक्रमाला मराठी नको तर काय? महिनाही पाट्यांचाच चालला होता. दुकानांच्या पाट्यांवर वरच्या बाजूला 60 टक्के कन्नड हवं, अशी कायद्यातली दुरुस्ती विधानसभेनं त्याच फेब्रुवारीत मंजूर केली होती. आमचा फ्लेक्स दुकानाची पाटी नव्हती, पण रात्री आठ वाजता हे कोण कुणाला समजावणार?

दोन्ही मुख्याध्यापकांनी मध्यरात्रीआधी तोडगा काढला, आणि तो कुठल्याही सरकारी तोडग्यासारखा होता: फ्लेक्स काढायचा आणि कार्यक्रम दोन करायचे. मराठी साडेनऊला, कन्नड साडेअकराला. पाहुणे आमच्या वाट्याला आले. ते शिस्त आणि देशसेवा यांवर चाळीस मिनिटं बोलले. मुली घोड्याच्या नालेच्या आकारात उन्हात उभ्या. समोर कन्नड शाळेच्या खिडकीत स्कार्फ घातलेल्या मुली गजांना चेहरे लावून बघत होत्या. मोगरा संघातली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. नळ त्यांच्या बाजूला, म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली ती तिकडचीच मुलगी. विचारल्याशिवाय वर्गातून उठली म्हणून नंतर तिला बोलणी बसली. तिनं प्रथमोपचाराचा धडा आमच्या सगळ्यांपेक्षा नीट गिरवला होता, हे तेव्हा कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही.

पुढच्या जानेवारीत अक्कोर आणि मी स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर बसलो. त्यांचं मराठी माझ्या कन्नडपेक्षा बरं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गेल्या वर्षी दोन्ही बाजूंच्या मोठ्या माणसांनी सगळं ठरवलं, या वर्षी ठरवायचं काम मुलींवर टाकू. यात नवं काही नाही. गाईडच्या पद्धतीत कोर्ट ऑफ ऑनर म्हणून संघनायिकांची सभा असते आणि पथकाचा कारभार तिनं बघावा असं अपेक्षित असतं. आमच्याकडं ही सभा आजवर पटांगण कुणी झाडायचं एवढंच ठरवत आली होती.

पाच नायिका आणि पाच उपनायिका, अशा दहा जणी फेब्रुवारीतल्या दोन शनिवारी बसल्या. आम्ही दोघी लांब, पण ऐकू येईल इतक्या अंतरावर.

पहिला ठराव: फ्लेक्स नको. यामागं मनाचा मोठेपणा वगैरे नव्हता. गेल्या वर्षी फ्लेक्सला चारशे रुपये गेले होते, आणि तेवढ्यात चाळीस जणींचं खाणं होतं हा साधा हिशेब होता. मुख्याध्यापकांची अडचण अशी की फोटोत कार्यक्रमाचं नाव दिसलं नाही तर वरती अहवाल काय पाठवायचा? मग रांगोळी ठरली. गाईडच्या बिल्ल्यावर तीन पानं असतात, ती गेरू आणि चुन्यात काढायची. आणि खाली अक्षरं? पुन्हा तोच प्रश्न. दहाही जणी गप्प. शेवटी चाफ्याची उपनायिका, जी एरवी सभेत नखं खात बसते, म्हणाली, तारीख लिहू. देवनागरी आकडे वेगळे, कन्नड आकडे वेगळे, पण गणिताच्या वहीत दोन्ही शाळा लिहितात ते एकच. म्हणून रांगोळीखाली फक्त 22-2. मुख्याध्यापकांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, चालतंय.

दुसरा प्रश्न अवघड होता. एकत्र कार्यक्रम म्हणजे उभं कुणी कुणाजवळ राहायचं? मराठी एका बाजूला, कन्नड एका बाजूला असंच होणार, हे सगळ्यांना दिसत होतं. तेवढ्यात मल्लिगे संघाची नायिका, सहावीतली, बोटानं जमिनीवर रेघा ओढत म्हणाली, "निम्म चाफा, नम्म संपिगे, एरडू ओंदे." तुमचा चाफा, आमची संपिगे, दोन्ही एकच की. देवळामागं सोनचाफ्याचं झाड आहे. त्याला गावात निम्मे लोक एका नावानं ओळखतात, निम्मे दुसऱ्या. मोगरा आणि मल्लिगे यांची जोडीही लगेच लागली. मल्लिगे म्हणजे मोगरा की जाई यावर दोन आयांमध्ये अजून एकमत नाही, पण मुलींना वेळ नव्हता, त्यांनी मोगरा धरला. चाफा आणि संपिगे मिळून सोळा, मोगरा आणि मल्लिगे मिळून सोळा.

आणि शेवंती? कन्नडमध्ये सेवंतिगे आहेच, पण कन्नड शाळेत त्या नावाचा संघ नाही. शेवंतीची नायिका उठून उभी राहिली. "बाई, आम्ही काय उरलेल्या काय?" तिचे डोळे भरले होते. इथं मी दुसरी चूक केली. आठ जणींना चार-चार करून दोन्हीकडं वाटून टाकू, असं चटकन बोलून गेले. शिक्षिकेला सुचणारं उत्तर, सगळं समान. ती काही न बोलता गेली आणि तिच्यामागं तिची उपनायिका. त्या दिवशीची सभा तिथंच मोडली.

पुढच्या शनिवारी शेवंतीच्या आठही जणी मागणी घेऊन आल्या: आम्हाला वाटायचं नाही, आम्हाला पैशांचा डबा द्या. कार्यक्रमात प्रत्येकीनं एक रुपया टाकायचा होता. तो कशाला, हे त्यांना आधी हवं होतं. "वाढदिवस त्यांचा, मग पैसे आपण का द्यायचे?" असं एकीनं विचारलं. मी त्यांना 1932 ची गोष्ट सांगितली. पोलंडमधल्या बुचे इथं परिषद भरली होती. बेल्जियमच्या एका प्रतिनिधीनं सुचवलं की वाढदिवस म्हटला की भेट आली, मग या दिवशी जगातल्या मुलींनी एकमेकींसाठी काहीतरी द्यावं. ओलेव्ह यांनी मग मुलींना पत्र लिहून प्रत्येकीकडं एक पेनी मागितली. पेनी म्हणजे त्यांच्याकडचं सुटं नाणं. पैसे बेडन-पॉवेल पतिपत्नींना जात नाहीत, जिथं मुलींची पथकं नव्यानं उभी राहतात तिथं कामाला येतात. शेवंतीनं डबा घेतला, बरोबर शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर रकाने आखले.

एवढं ठरलं आणि शुक्रवार आला, 21 फेब्रुवारी 2025. बेळगावजवळ एका बसमध्ये भाषेवरून वाद होऊन कंडक्टरला मारहाण झाली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर तेच. मग दोन्ही बाजूंचे मोर्चे, गाड्यांना काळं फासणं, आणि महाराष्ट्र–कर्नाटक बससेवा काही दिवस थांबली. त्या दिवशी जागतिक मातृभाषा दिनही होता; त्याच्या शुभेच्छा त्याच ग्रुपवर त्याच बातम्यांच्या मध्ये मध्ये येत होत्या.

रात्री साडेआठला फोन सुरू झाले. बेळगावचे पाहुणे येत नाहीत म्हणाले. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, पुढं ढकलू. कन्नड शाळेचेही तेच म्हणाले, आणि दोघांना भित्रे म्हणण्यात अर्थ नाही. मुली त्यांच्या जबाबदारीवर होत्या. अक्कोर म्हणाल्या, उद्या शनिवार, सकाळची शाळा आहे, मुली येणारच आहेत. आवाराच्या आतच करू. मग अटी ठरल्या: लाऊडस्पीकर नाही, बाहेरचं कुणी नाही, आणि गावातून निघणारी प्रभात फेरी रद्द. फेरी रद्द करणं मला तेव्हाही बरोबर वाटलं, आजही वाटतं. अक्कोरना वाटत नाही. गावानं मुलींना एकत्र चालताना बघायला हवं होतं, त्याच दिवशी, असं त्यांचं मत. आम्ही यावर तीनदा बोललो आणि तिन्ही वेळा चहा संपल्यावर विषय सोडला.

शनिवारी चाळीसपैकी एकोणचाळीस आल्या. एका मुलीला वडिलांनी पाठवलं नाही. ती कुठल्या शाळेची, ते इथं लिहीत नाही.

प्रार्थना हिंदीत असते, म्हणजे तिथं कुणाचीच घरची भाषा नाही, त्यामुळं ती एका दमात झाली. मग मुलींनी एकमेकींशी आणि आलेल्या मोठ्यांशी डाव्या हातानं हस्तांदोलन केलं. एसडीएमसीच्या एक आजी त्यावर भडकल्या. डावा हात पुढं करतात? कुणी शिकवलं? खरंच, आपल्याकडं डाव्या हातानं प्रसादसुद्धा घेत नाहीत. संपिगेच्या नायिकेनं त्यांना कन्नडमध्ये समजावलं: आफ्रिकेतल्या अशांती नावाच्या जमातीचे योद्धे ढाल डाव्या हातात धरायचे, ती खाली ठेवून तोच हात पुढं करायचा म्हणजे तुझ्यावर भरवसा आहे, अशी गोष्ट सांगतात. आजींनी ऐकून घेतलं, पण हात उजवाच दिला.

त्या वर्षीचा जागतिक विषय होता 'आपली गोष्ट'. आमच्या कागदावर त्यासाठी पाच मिनिटं होती. जगात गाईड मुलींची पाच केंद्रं आहेत एवढं मी सांगणार होते: स्वित्झर्लंडच्या आडेलबोडेनचं अवर शॅले 1932 सालचं, मेक्सिकोतलं अवर काबान्या 1957 चं, लंडनचं पॅक्स लॉज, आफ्रिकेतलं कुसाफिरी, ज्याला एक अशी इमारत नाही, आणि 1966 साली उघडलेलं पुण्याचं संगम. संगमच्या उद्घाटनाला ओलेव्ह स्वतः आल्या होत्या. बेळगावहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी तिथं पोचता येतं. या संघटनेत इतकी वर्षं काढून मी अजून गेलेली नाही.

'संगम' म्हटल्याबरोबर कन्नड बाजूच्या तीन-चार मुली एकदम बोलल्या, "कूडलसंगम!" बसवण्णांचं. आमच्या मुली म्हणाल्या, संगम म्हणजे नरसोबाची वाडी. दोन मिनिटं दोन्ही बाजू आपलाच संगम खरा म्हणत राहिल्या. मग चाफ्यातली एक मुलगी, जिचं आजोळ कणकुंबीला आहे, म्हणाली, मलप्रभा आमच्या आजीच्या गावात उगवते. कन्नड मुलींना मलप्रभा ठाऊक होती, कूडलसंगमाला ती कृष्णेला मिळते हेही ठाऊक होतं. ती निघते आपल्याच तालुक्यातून, हे मात्र बऱ्याच जणींना नवं होतं. आणि वाडीला पंचगंगा मिळते ती तरी कशाला? कृष्णेलाच. मग चुन्याची पिशवी आली. एक रेघ कणकुंबीपासून, तीन पानांच्या रांगोळीला वळसा घालून नळापर्यंत. नळ म्हणजे कूडलसंगम. दुसरी पंचगंगेची, वाडीपर्यंत. कृष्णा काढताना चुना संपला, उरलेली गेरूनं काढली, त्यामुळं आमची कृष्णा अर्धी पांढरी आणि अर्धी तांबडी झाली. वाडी वरच्या अंगाला की खालच्या, यावर दोनदा पुसून परत काढली. पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात कुणी कुठली भाषा बोलतंय याकडं माझं लक्ष राहिलं नाही, आणि नकाशातली कृष्णा जरा जास्तच दक्षिणेला गेली तरी मी सुधारली नाही. बेडन-पॉवेल यांच्यावरचं माझं भाषण राहिलं ते राहिलंच.

खायला उकडलेली रताळी. शिवरात्र चार दिवसांवर होती, बाजारात ढीग होते. फ्लेक्सचे चारशे वाचले होते.

आता काय जमलं नाही ते. प्रत्येक सूचना आम्ही दोघी आपापल्या भाषेत देत होतो, त्यामुळं वेळ दुप्पट लागला. शेवटी मुलीच म्हणाल्या, एकदाच सांगा, आम्ही एकमेकींना सांगतो. हे आम्हाला दहा दिवस आधी सुचायला हवं होतं. दोन पालकांनी तक्रार केली, एकानं मराठी शाळेत, एकानं कन्नड शाळेत, आणि दोन्ही तक्रारी जवळपास एकाच वाक्यात होत्या. अहवालात 'संयुक्त कार्यक्रम' लिहायला रकानाच नव्हता. म्हणून एकाच रांगोळीचे फोटो दोन्ही शाळांनी दोन कार्यक्रम म्हणून पाठवले. कागदावर बघाल तर 2024 आणि 2025 मध्ये काही फरक नाही.

डब्याचा हिशेब शेवंतीनं तिथल्या तिथं केला. अडतीस नाणी रुपयाची, एक पाचाचं. पाचवाली म्हणाली, सुटे नव्हते, आणि परत नको. एकूण 43. वहीवर सगळ्या आठ जणींच्या सह्या. सोमवारी न आलेली मुलगी रुपया घेऊन आली. पाठवायची पाकिटं बंद झाली होती, मी म्हटलं राहू दे. शेवंतीच्या नायिकेनं पाकीट फाडलं, 43 खोडून 44 केलं आणि मला नवं पाकीट आणायला लावलं.

उन्हाळ्यात अक्कोरची बदली झाली. कन्नड पथकाला अजून नवी कॅप्टन मिळालेली नाही. शाळा वेगळी असल्यामुळं त्या सोळा जणींची नावं माझ्या पटावर घेता येत नाहीत. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर येतात आणि आपापल्या फुलात जाऊन बसतात. हजेरी मी पाठीमागच्या कोऱ्या पानावर घेते.

2026 ची 22 फेब्रुवारी रविवारी येते, त्यामुळं कार्यक्रम शनिवारी की सोमवारी यावर सभेत चर्चा सुरू आहे. शेवंतीला त्यात रस नाही. त्यांना कन्नड शाळेत सेवंतिगे संघ हवा आहे. संघाला निदान सहा मुली लागतात, आणि त्या पाचवीच्या कन्नड वर्गात मधल्या सुट्टीत जाऊन एकेकीला विचारत आहेत. आजपर्यंत चार मिळाल्या आहेत.